एकक वर्तुळावरून कोनांच्या बेरजेची सूत्रे स्वतः कशी काढावीत

अकरावीच्या गणितात संयुक्त कोनांची सूत्रे आली की बहुतेक विद्यार्थी ती पाठ करायला बसतात. मीही तेच केले होते. साइन(अ + ब), साइन(अ − ब), कॉस(अ + ब), कॉस(अ − ब) अशी चार सूत्रे एका कागदावर लिहून तो कागद पडवीतल्या भिंतीवर चिकटवला होता, आणि तरीही परीक्षेत कॉसच्या सूत्रात अधिक की उणे हे आठवेना म्हणून दोन उदाहरणे गेली. पुढे ही सूत्रे एकाच चित्रातून निघतात हे समजले, तेव्हा तो कागद काढून टाकला. गेली काही वर्षे आमच्या वाडीतल्या मुलामुलींना हे प्रकरण समजावून देताना मी तोच क्रम पाळतो, आणि तोच येथे टप्प्याटप्प्याने लिहीत आहे. हे वाचण्यासाठी तुम्हाला दहावीच्या भूमितीपलीकडचे काहीही येण्याची गरज नाही. मात्र कागद-पेन्सिल जवळ घेऊन वाचावे, नुसते डोळ्यांखालून घालू नये.

काय काय जवळ हवे

एक आलेख कागद, कंपास, कोनमापक, पट्टी, टोक काढलेली पेन्सिल आणि पडताळ्यासाठी कॅल्क्युलेटर एवढे साहित्य पुरते. कॅल्क्युलेटर वापरण्यापूर्वी तो अंशात चालतो आहे की रेडियनमध्ये, हे साइन ३० काढून पाहावे. उत्तर ०.५ आले तर तो अंशात आहे. दुसरे काही आले तर आधी तो अंशात आणावा. या एका चुकीमुळे बरोबर काढलेले सूत्र चुकीचे समजून खोडून टाकणारी मुले मी पाहिली आहेत.

पूर्वज्ञान म्हणून तीन गोष्टी पक्क्या हव्यात. पहिली, काटकोन त्रिकोणातील साइन, कॉस आणि टॅन यांच्या व्याख्या. दुसरी, दोन बिंदूंमधील अंतराचे सूत्र, म्हणजे क्ष-निर्देशकांतील फरकाचा वर्ग अधिक य-निर्देशकांतील फरकाचा वर्ग, आणि त्या बेरजेचे वर्गमूळ. तिसरी, साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग बरोबर १, ही नित्यसमानता. यांपैकी अंतराचे सूत्र विसरले असेल तर ते पायथागोरसच्या प्रमेयाचेच दुसरे रूप आहे, हे स्वतः आकृती काढून पाहून घ्यावे, कारण पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

१. एकक वर्तुळ काढा आणि साइन-कॉसची व्याख्या बदलून घ्या

आलेख कागदाच्या मध्यावर दोन अक्ष आखा, ते जेथे छेदतात त्या आरंभबिंदूला म म्हणा, आणि म केंद्र धरून ५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. हे ५ सेंटिमीटर म्हणजेच आपले १ एकक, म्हणून कागदावरचा प्रत्येक मिलिमीटर ०.०२ एवढा होतो. त्रिज्या १० सेंटिमीटर घेतली असती तर हिशेब सोपा झाला असता, पण नेहमीच्या ए-४ आलेख कागदाच्या चौकटीत तेवढे पूर्ण वर्तुळ मावत नाही, आणि आपल्याला पूर्ण वर्तुळ हवे आहे.

वर्तुळ उजवीकडे क्ष-अक्षाला जेथे छेदते तो बिंदू स(१, ०). येथून घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने अ एवढा कोन फिरून वर्तुळावर ज्या बिंदूशी पोहोचाल त्याला प म्हणा. आता व्याख्या अशी: प चा क्ष-निर्देशक म्हणजे कॉस अ, आणि प चा य-निर्देशक म्हणजे साइन अ. काट्यांच्या दिशेने फिरलात तर कोन ऋण धरायचा.

दहावीतली व्याख्या आणि ही व्याख्या यांत विरोध नाही. प पासून क्ष-अक्षावर लंब टाकला की काटकोन त्रिकोण तयार होतो, त्याचा कर्ण ही त्रिज्या असल्यामुळे १ असतो, आणि समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे नुसती समोरची बाजूच उरते. फरक एवढाच, की त्रिकोणातली व्याख्या ० ते ९० अंशांच्या मधल्या कोनांनाच लागू पडते, कारण काटकोन त्रिकोणात १३० अंशांचा कोन मावणार कुठे? वर्तुळावर मात्र १३० अंशही आहेत, ३०० अंशही आहेत आणि उणे ४० अंशही आहेत, आणि तुम्ही कोणत्या चरणात आहात त्यावरून चिन्ह आपोआप ठरते. ज्यांना हा बदल मनातून मान्य होत नाही ते पुढे प्रत्येक पायरीवर अडखळतात, म्हणून घाई न करता ५०, ११०, २०० आणि ३२० अंशांचे बिंदू कागदावर मांडून त्यांचे निर्देशक मिलिमीटर मोजून वाचावेत. उणे चिन्हे कुठे आली, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

२. सर्वांत मोठा सापळा आधीच ओळखून ठेवा

साइन(अ + ब) म्हणजे साइन अ अधिक साइन ब नव्हे. कंस सोडवण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की हे वाक्य ऐकूनही हात तसाच लिहीत जातो. म्हणून एक उदाहरण घ्या. अ = ३० आणि ब = ६० असेल तर साइन ३० म्हणजे ०.५ आणि साइन ६० म्हणजे सुमारे ०.८६६, त्यांची बेरीज १.३६६. पण साइन ९० तर १ आहे. शिवाय एकक वर्तुळावरचा कोणताही बिंदू केंद्रापासून १ पेक्षा अधिक उंच असूच शकत नाही, त्यामुळे १.३६६ हे उत्तर वर्तुळाकडे पाहताच अशक्य ठरते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वर्तुळावर तुम्ही ठरावीक कोनाने पुढे सरकता, तेव्हा उंची किती वाढणार हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर अवलंबून असते. स पाशी १० अंश सरकलात तर उंची झपाट्याने वाढते; माथ्याशी, ९० अंशांजवळ, तेवढेच १० अंश सरकलात तर ती जवळजवळ वाढत नाही. म्हणजे साइन(अ + ब) मध्ये ब चा परिणाम अ कुठे आहे त्यावर ठरणार, आणि म्हणूनच सूत्रात अ आणि ब एकमेकांत गुणलेले असणार. सूत्र काढण्यापूर्वीच त्याचे रूप असे थोडेसे दिसू लागते.

३. दोन बिंदू मांडा आणि त्यांच्यातले अंतर काढा

आता मुख्य कामाला लागू. अनेक पुस्तके एकावर एक रचलेल्या दोन काटकोन त्रिकोणांची आकृती देऊन साइन(अ + ब) सिद्ध करतात. ती आकृती सुंदर आहे, पण ती अ, ब आणि त्यांची बेरीज हे सगळे लघुकोन असतानाच सरळ लागू पडते. बाकीच्या कोनांसाठी पुन्हा वेगळ्या आकृत्या काढाव्या लागतात. त्यामुळे मी सुरुवात कॉस(अ − ब) पासून करतो. नवख्याला ही उलटी सुरुवात वाटते, कारण आपल्याला हवी असते बेरीज आणि आपण काढतो वजाबाकी. पण वर्तुळावर दोन बिंदूंमधला कोन हा नैसर्गिकपणे वजाबाकीच असतो, म्हणून हा मार्ग सर्वांत कमी खड्ड्यांचा आहे.

वर्तुळावर अ कोनाशी प आणि ब कोनाशी फ हे बिंदू घ्या. त्यांचे निर्देशक असे:

प = (कॉस अ, साइन अ)
फ = (कॉस ब, साइन ब)

जीवा पफ काढा. तिच्या लांबीचा वर्ग अंतराच्या सूत्राने असा येतो:

पफ² = (कॉस अ − कॉस ब)² + (साइन अ − साइन ब)²

दोन्ही कंसांचा विस्तार करा:

पफ² = कॉस² अ − 2 कॉस अ · कॉस ब + कॉस² ब + साइन² अ − 2 साइन अ · साइन ब + साइन² ब

येथे पहिले पद आणि चौथे पद मिळून १ होतात, तिसरे आणि सहावे मिळून आणखी १ होतात. उरते ते असे:

पफ² = २ − २(कॉस अ · कॉस ब + साइन अ · साइन ब)

वर्गमूळ काढू नका. मुले येथे सवयीने वर्गमूळाचे चिन्ह घालतात आणि पुढच्या पायरीत ते काढण्यासाठी पुन्हा वर्ग करतात. दोन्ही कष्ट वाया जातात आणि मध्येच चिन्ह हरवते. आपल्याला लांबीचा वर्गच हवा आहे.

४. वर्तुळ फिरवा

ही पायरी सगळ्या प्रकरणाचा प्राण आहे, म्हणून तिच्यावर थोडा वेळ थांबू.

माझ्या आजोळी नारळी-पोफळीच्या आगरात विहिरीवर रहाट होता. त्याचे लाकडी चाक फिरत असताना एखाद्या आऱ्याचे टोक वर जाई, दुसऱ्याचे खाली येई, म्हणजे प्रत्येक टोकाची जमिनीपासूनची उंची सतत बदलत राही. पण कोणत्याही दोन आऱ्यांच्या टोकांमधले अंतर कधीही बदलत नसे. सुताराने ते चाक जोडताना जे अंतर ठेवले तेच, चाक कितीही फिरले तरी. एकक वर्तुळाच्या बाबतीत आपल्याला एवढेच वापरायचे आहे: वर्तुळ केंद्राभोवती फिरवले तर त्यावरील बिंदूंचे निर्देशक बदलतात, पण दोन बिंदूंमधली जीवा तेवढीच राहते.

आता संपूर्ण वर्तुळ ब एवढ्या कोनातून काट्यांच्या दिशेने फिरवा. फ हा ब कोनाशी होता, तो आता ० कोनाशी, म्हणजे स(१, ०) येथे येतो. प हा अ कोनाशी होता, तो अ − ब या कोनाशी येतो. या नव्या जागेला त म्हणा. त्याचे निर्देशक व्याख्येप्रमाणे (कॉस(अ − ब), साइन(अ − ब)) असे आहेत. आता जीवा तस हिचा वर्ग काढा:

तस² = (कॉस(अ − ब) − १)² + (साइन(अ − ब) − ०)²
तस² = कॉस²(अ − ब) − २ कॉस(अ − ब) + १ + साइन²(अ − ब)
तस² = २ − २ कॉस(अ − ब)

ज्यांना फिरवण्याच्या युक्तिवादावर भरवसा वाटत नाही त्यांनी त्रिकोण मपफ आणि त्रिकोण मतस यांची तुलना करावी. मप, मफ, मत आणि मस या चारही त्रिज्या आहेत, आणि दोन्ही त्रिकोणांत म पाशी असलेला कोन सारखाच आहे. म्हणून बाकोबा कसोटीने ते त्रिकोण एकरूप आहेत आणि त्यांच्या तिसऱ्या बाजू समान आहेत. अ आणि ब यांच्यातला फरक १८० अंशांहून मोठा असेल तर त्रिकोणातला कोन ३६० मधून तो फरक वजा करून मिळतो, पण तो दोन्हीकडे तसाच मिळतो. फरक बरोबर १८० असेल तर त्रिकोणच उरत नाही. तेव्हा दोन्ही जीवा व्यास होतात आणि तरीही समानच राहतात. फिरवण्याचा युक्तिवाद हे सगळे प्रकार एका दमात सांभाळतो, म्हणून मला तो अधिक आवडतो.

५. दोन्ही लांबी समान ठेवा

पफ² = तस² असल्यामुळे

२ − २(कॉस अ · कॉस ब + साइन अ · साइन ब) = २ − २ कॉस(अ − ब)

दोन्हीकडून २ वजा करून उणे २ ने भागले की

कॉस(अ − ब) = कॉस अ · कॉस ब + साइन अ · साइन ब

हे पहिले सूत्र. पुढची सगळी याच्याच पोटातून निघतात.

पुढे जाण्यापूर्वी ते तुमच्या कागदावर तपासा. पहिल्या पायरीत तुम्ही ५० आणि ११० अंशांचे बिंदू मांडलेच आहेत. त्यांच्यातला फरक ६० अंश, आणि ६० अंशांची जीवा त्रिज्येएवढीच असते, त्यामुळे पट्टी लावल्यावर ती बरोबर ५ सेंटिमीटर भरली पाहिजे. आता निर्देशक वाचा. ११० अंशांच्या बिंदूचे निर्देशक सुमारे −१.७ आणि ४.७ सेंटिमीटर, ५० अंशांच्या बिंदूचे ३.२ आणि ३.८ सेंटिमीटर येतील. पाचाने भागले की −०.३४ व ०.९४, आणि ०.६४ व ०.७६. सूत्रात घाला: −०.३४ × ०.६४ म्हणजे −०.२१७६, आणि ०.९४ × ०.७६ म्हणजे ०.७१४४. बेरीज ०.४९६८. कॉस ६० हा ०.५ आहे. पेन्सिलीच्या टोकाच्या जाडीएवढाच फरक राहिला, आणि एक कोन दुसऱ्या चरणात असूनही सूत्र बिघडले नाही, हे विशेष लक्षात घ्यावे.

हाच पडताळा मोठ्या प्रमाणावर करायचा असेल तर ओहोटी लागल्यावर ओल्या, घट्ट पुळणीवर यावे. दोन मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर मोजमापातली चूक बरीच कमी होते. त्यासाठी सुंभ वापरू नका. तो ताण पडला की लांबतो आणि वर्तुळ वाकडे होते, असा माझा अनुभव आहे. बांबूची सरळ काठी घेऊन तिच्या दोन टोकांना खिळे ठोकावेत. एक खिळा केंद्रावर रोवला की दुसऱ्याने वर्तुळ ओढता येते, आणि तीच काठी जीवा म्हणून आडवी लावली की ६० अंश मिळतात.

६. बेरजेकडे या

कॉस(अ + ब) हवा असेल तर ब च्या जागी −ब ठेवा, कारण अ − (−ब) म्हणजे अ + ब. पण त्यासाठी कॉस(−ब) आणि साइन(−ब) माहीत हवेत. एकक वर्तुळावर ब आणि −ब हे बिंदू क्ष-अक्षाच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात, पाण्यात प्रतिबिंब पडावे तसे. डावी-उजवीकडचे अंतर तेच, उंची मात्र उलटी. म्हणून कॉस(−ब) = कॉस ब, आणि साइन(−ब) = −साइन ब. हे घातले की

कॉस(अ + ब) = कॉस अ · कॉस ब − साइन अ · साइन ब

कॉसच्या सूत्रात चिन्ह उलटे का होते, या माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. आता ते पाठ करावे लागत नाही; शंका आली तर अ = ब ठेवून कॉस(अ − अ) = कॉस ० = १ हे आठवावे. कॉस² अ + साइन² अ हेच १ होते, म्हणून वजाबाकीच्या सूत्रात अधिक असलेच पाहिजे.

७. साइनसाठी ९० अंशांचा पूल

साइन(९० − अ) म्हणजे कॉस अ, हे दहावीपर्यंत शिकलेले असते, पण ते काटकोन त्रिकोणातून, म्हणजे लघुकोनांपुरते. ते येथे तसेच वापरले तर सिद्धतेत छिद्र राहते. सुदैवाने आपल्या सूत्रातूनच ते सर्व कोनांसाठी मिळते:

कॉस(९० − अ) = कॉस ९० · कॉस अ + साइन ९० · साइन अ = ० + साइन अ = साइन अ

आता याच समानतेत अ च्या जागी ९० − अ ठेवा. डावीकडे कॉस(९० − (९० − अ)) म्हणजे कॉस अ येतो, उजवीकडे साइन(९० − अ). म्हणून साइन(९० − अ) = कॉस अ. दोन्ही पूल बांधून झाले.

साइन(अ + ब) = कॉस(९० − (अ + ब)) = कॉस((९० − अ) − ब)

कंसांची ही नवी जुळणी हीच काय ती युक्ती. ९० − अ हा एक कोन आणि ब हा दुसरा असे धरून पहिले सूत्र लावा:

= कॉस(९० − अ) · कॉस ब + साइन(९० − अ) · साइन ब

साइन(अ + ब) = साइन अ · कॉस ब + कॉस अ · साइन ब

येथे पुन्हा ब च्या जागी −ब ठेवले की

साइन(अ − ब) = साइन अ · कॉस ब − कॉस अ · साइन ब

एक सामान्य चूक: काही जण ९० − अ + ब असे लिहितात, म्हणजे कंस काढताना ब चे चिन्ह बदलायला विसरतात, आणि त्यांना साइन(अ − ब) चे सूत्र साइन(अ + ब) म्हणून मिळते. कंस काढण्याची ओळ मनात न करता कागदावर लिहावी.

ही साइनची सूत्रे आपल्याकडे फार जुनी आहेत. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ज्योत्पत्तीच्या प्रकरणात दोन चापांच्या, म्हणजे वर्तुळाच्या दोन कंसांच्या, बेरजेची आणि वजाबाकीची ‘ज्या’ (साइन) काढण्याची रीत दिली आहे, आणि त्यांना समासभावना व अंतरभावना अशी नावे आहेत. रीत अशी, की दोन चापांच्या ज्या एकमेकांच्या कोटिज्यांनी गुणाव्यात आणि त्रिज्येने भागाव्यात. त्या फळांची बेरीज ही चापांच्या बेरजेची ज्या आणि वजाबाकी ही चापांच्या फरकाची ज्या. ज्या म्हणजे आपला साइन, कोटिज्या म्हणजे कॉस. आपल्या सूत्रात त्रिज्येने भागणे दिसत नाही, कारण आपण त्रिज्या १ घेतली आहे. त्या रीतीतला ‘एकमेकांच्या’ हा शब्द मात्र जपून ठेवावा: साइनच्या सूत्रात एकाचा साइन दुसऱ्याच्या कॉसला भेटतो, तर कॉसच्या सूत्रात कॉसला कॉस आणि साइनला साइन भेटतो.

८. टॅन आणि दोन-चार मूल्ये

टॅन(अ + ब) म्हणजे साइन(अ + ब) भागिले कॉस(अ + ब). अंश आणि छेद दोघांनाही कॉस अ · कॉस ब ने भागा:

टॅन(अ + ब) = (टॅन अ + टॅन ब) / (१ − टॅन अ · टॅन ब)

भागण्यापूर्वी कॉस अ आणि कॉस ब शून्य नाहीत हे पाहावे, आणि छेदही शून्य नसावा. अ = ३०, ब = ६० घेतले तर टॅन अ · टॅन ब = १ होते आणि छेद शून्य होतो; तो सूत्राचा दोष नाही, कारण टॅन ९० अस्तित्वातच नाही.

हात बसण्यासाठी ७५ अंश घ्या, म्हणजे ४५ अधिक ३०.

साइन ७५ = (१/√२)(√३/२) + (१/√२)(१/२) = (√६ + √२)/४, सुमारे ०.९६५९
कॉस ७५ = (√६ − √२)/४, सुमारे ०.२५८८
टॅन ७५ = २ + √३, सुमारे ३.७३२

पुळणीवरच्या दोन मीटरच्या वर्तुळावर ७५ अंशांचा बिंदू क्ष-अक्षापासून सुमारे १ मीटर ९३ सेंटिमीटर आणि य-अक्षापासून सुमारे ५२ सेंटिमीटर अंतरावर मिळायला हवा. ब = अ ठेवून दुप्पट कोनांची सूत्रे मिळतात; ती तुम्ही स्वतः काढावीत.

९. सूत्र किनाऱ्यावर लावून पाहा

बेरजेची आणि वजाबाकीची कॉसची सूत्रे एकमेकांत मिळवा. साइनची पदे उडतात आणि उरते:

कॉस(अ + ब) + कॉस(अ − ब) = २ कॉस अ · कॉस ब

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना याचा अर्थ ओळखीचा आहे. भरतीत सूर्यामुळे येणारा मुख्य भाग १२ तासांनी परततो, म्हणजे तासाला ३० अंश फिरतो. चंद्रामुळे येणारा मुख्य भाग सुमारे १२ तास २५ मिनिटांनी परततो, म्हणजे तासाला सुमारे २८.९८ अंश. सूर्याचा कोन अ + ब आणि चंद्राचा अ − ब असे धरले तर अ हा दोहोंचा मध्य ठरतो, तो तासाला सुमारे २९.५ अंशांनी धावतो आणि रोजची दोन वेळची भरती-ओहोटी दाखवतो. ब हा फरकाचा अर्धा, तो तासाला जेमतेम ०.५१ अंश सरकतो. कॉस ब ची किंमत १ किंवा −१ जवळ असते तेव्हा दोन्ही भाग एकत्र येऊन उधाण येते. ती ० जवळ असते तेव्हा ते एकमेकांविरुद्ध जातात आणि भांगाची भरती येते. एका भांगापासून पुढच्या भांगापर्यंत ब ला १८० अंश फिरावे लागतात, त्याला सुमारे ३५४ तास, म्हणजे पावणेपंधरा दिवस लागतात. अमावास्येच्या उधाणानंतर पौर्णिमेचे उधाण येते ते याच हिशेबाने. प्रत्यक्षात चंद्राचा भाग सूर्याच्या भागापेक्षा बराच मोठा असतो आणि आणखीही लहान भाग मिसळलेले असतात, म्हणून भांगाला पाणी अगदीच हलत नाही असे होत नाही. आपल्या सूत्रात दोन्ही भाग सारखे धरले आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ती ढोबळ रीत येथे तपासता येते. उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे त्या वेळी सूर्याचा आणि चंद्राचा भाग दोन्ही माथ्यावर असतात. सूर्याचा भाग रोज बारालाच माथ्यावर येतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला. तेव्हा चंद्राचा भाग माथ्यावर आणि सूर्याचा तळाला असतो. दोन कोनांतला फरक १८० अंश, त्याचा अर्धा ब = ९०, आणि कॉस ९० म्हणजे शून्य. कालनिर्णय काढून येत्या अष्टमीची तारीख पाहा, त्या संध्याकाळी पुळणीवर जा आणि पाणी उधाणाच्या रेषेच्या किती खाली थांबते ते मोजा.